दुखतो गुडघा, फोटो खुब्याचा

प्रश्न : माझा बारा वर्षांचा नातू महिनाभर गुडघा दुखतो म्हणून लंगडतोय. गुडघ्याच्या एक्स-रेत काहीच निघालं नाही. आता डॉक्टर खुब्याचा फोटो काढा म्हणतात. दुखणं एकीकडे नि फोटो भलतीकडचा, हे कसं?

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगताहेत. फोटो आजच काढा. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. त्यामुळे बिघाड खुब्यात असला, तरी कळ मांडीत किंवा गुडघ्यात येते. मूल हात ठेवतं ते गुडघ्यावर, आणि मोठेही तिथंच बाम चोळत बसतात.

या वयात पहिली शंका घ्यायची ती मांडीच्या हाडाचं डोकं ग्रोथ प्लेटपाशी, म्हणजे हाड जिथून वाढतं तिथं, घसरल्याची. साधारण १० ते १६ वर्षांच्या, बहुधा वजनदार मुलांत हे होतं. थायरॉइड कमी असेल, तर सडपातळ मुलांतही. चालताना पाऊल बाहेर वळलेलं दिसतं. उताणं झोपवून पाय अलगद पोटाकडे दुमडला, तर गुडघा सरळ वर न येता बाहेर झुकतो. जोर मात्र लावू नका. सुरुवातीची घसरण समोरून काढलेल्या फोटोत निसटते, म्हणून बाजूनेही फोटो लागतो, आणि तोही दोन्ही खुब्यांचा. निदान होईपर्यंत त्या पायावर भार नको, मालीश नको, हाडवैद्य तर नकोच. हाड आणखी घसरू नये म्हणून ऑपरेशन करून स्क्रू बसवतात.

चार ते आठ वर्षांचं मूल फारसं न कण्हता लंगडत असेल, तर विचार पर्थीस या आजाराचा. यात हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो. लेग, काल्व्हे आणि पर्थीस या तिघांनी १९१० मध्ये तो वेगवेगळा वर्णिला. बोलण्यात नाव उरलं ते एकट्या पर्थीसचं! मुलग्यांत तो मुलींच्या सुमारे चौपट.

सर्दी-तापानंतर आलेलं लंगडणं पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातं, पण तो निर्वाळा डॉक्टरांनी द्यायचा. ताप आहे आणि मूल पाय टेकवायलाच तयार नाही, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात पू झाला असेल, तर काही तासांचा उशीरही सांधा निकामी करू शकतो.

‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देण्याआधी एवढं पाहा : ते बहुधा दोन्ही पायांत, रात्री येतं आणि सकाळी मूल पळतं. तुमचा नातू महिनाभर लंगडतोय. घसरणच निघाली, तर दुसऱ्या खुब्यावरही वाढ पुरी होईपर्यंत लक्ष ठेवावं लागेल.