आकड्यांचा तक्ता आणि संगणकाची ‘आर’ भाषा

विकासाच्या कोणत्याही योजनेचा पाया आकड्यांवर उभा असतो. शाळेची खोली, दवाखान्यातील खाट, नळाचे पाणी यांची गरज लोकसंख्येवरून ठरते. हे आकडे आता संगणकावर तक्त्यांच्या रूपाने उपलब्ध होतात. परंतु तक्ता हाती आला म्हणजे उत्तर हाती आले, असे नव्हे. कोणत्या ओळी घ्यावयाच्या आणि कोणती क्रिया करावयाची, हे ज्याला उमगले नाही, त्याला संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच तत्परतेने देतो.

सांख्यिकीसाठी ‘आर’ ही संगणक-भाषा जगभर वापरली जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत ती सिद्ध केली. १९९५ पासून ती सर्वांस विनामूल्य खुली आहे. त्यामुळे सामान्य विद्यार्थी आणि ग्रामपंचायतीचा कर्मचारी यांनाही ती शिकणे शक्य झाले आहे. तिच्या आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिली पायरी : तक्त्याची तपासणी

‘रीड डॉट सीएसव्ही’ या आज्ञेने तक्ता संगणकात घेतला जातो. त्यानंतर लगेच ‘स्ट्र’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक स्तंभात संख्या आहेत की अक्षरे, हे ती सांगते. आपल्याकडे ४६,५३,५७० अशी स्वल्पविराम देऊन संख्या लिहिण्याची पद्धत आहे. स्वल्पविरामामुळे ‘आर’ अशा स्तंभास अक्षरांचा स्तंभ समजते आणि त्याची बेरीज होत नाही. ‘जीसब’ या आज्ञेने स्वल्पविराम काढून टाकावेत व मग ‘ॲज डॉट न्यूमरिक’ या आज्ञेने अक्षरांच्या संख्या कराव्यात. याउलट, जिल्ह्यांचे सांकेतिक क्रमांक दिसावयास संख्या असले, तरी ती केवळ नावे होत. २०११ च्या जनगणनेत नागपूरचा क्रमांक ५०५ आहे. अशा क्रमांकांच्या सरासरीस काहीही अर्थ नाही.

दुसरी पायरी : ओळींची निवड

जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव अथवा शहर यांच्या ओळी एकाच तक्त्यात असतात. नागपूर शहराच्या दक्षिणेस असलेल्या बेसा येथे मोजलेला मनुष्य त्या वस्तीच्या ओळीत एकदा, नागपूर ग्रामीण तालुक्याच्या ओळीत दुसऱ्यांदा, जिल्ह्याच्या ओळीत तिसऱ्यांदा आणि महाराष्ट्राच्या ओळीत चौथ्यांदा येतो. शिवाय ‘एकूण’, ‘ग्रामीण’ व ‘नागरी’ अशा ओळी निराळ्याच. संपूर्ण स्तंभाची सरसकट बेरीज केली, तर तोच मनुष्य अनेकदा मोजला जाईल. म्हणून ‘सबसेट’ या आज्ञेने स्तर ‘जिल्हा’ आणि प्रकार ‘एकूण’ असलेल्या ओळीच वेगळ्या काढाव्यात. नागपूर महसूल विभाग हवा असल्यास ५०४ ते ५०९ या क्रमांकांचे सहा जिल्हे निवडावेत.

तिसरी पायरी : सरासरीची पारख

अशा रीतीने मिळणारा २०११ चा तक्ता पुढीलप्रमाणे आहे. शेवटचा आकडा दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण दर्शवितो.

नागपूर : पुरुष २३,८४,९७५, स्त्रिया २२,६८,५९५, प्रमाण ९५१
वर्धा : पुरुष ६,६८,३८५, स्त्रिया ६,३२,३८९, प्रमाण ९४६
भंडारा : पुरुष ६,०५,५२०, स्त्रिया ५,९४,८१४, प्रमाण ९८२
गोंदिया : पुरुष ६,६१,५५४, स्त्रिया ६,६०,९५३, प्रमाण ९९९
चंद्रपूर : पुरुष ११,२३,८३४, स्त्रिया १०,८०,४७३, प्रमाण ९६१
गडचिरोली : पुरुष ५,४१,३२८; स्त्रिया ५,३१,६१४; प्रमाण ९८२

संपूर्ण विभागाचे प्रमाण किती? नवशिक्याचा हात सहजच ‘मीन’ या सरासरीच्या आज्ञेकडे वळतो. सहा प्रमाणांची सरासरी ९७० येते. हे उत्तर चूक आहे. या रीतीत गोंदियाच्या साडेसहा लाख पुरुषांना आणि नागपूरच्या जवळजवळ चोवीस लाख पुरुषांना सारखेच वजन मिळते.

योग्य रीत अशी : ‘सम’ या आज्ञेने सर्व स्त्रियांची बेरीज करावी, ती ५७,६८,८३८ होते, पुरुषांची बेरीज ५९,८५,५९६ होते. पहिलीस दुसरीने भागून हजाराने गुणल्यास ९६४ हे खरे प्रमाण मिळते. सहाचा हा फरक किरकोळ वाटेल. पण इतक्या पुरुषांमागे तो सुमारे ३८ हजार स्त्रियांचा होतो. प्रत्यक्षात नसलेल्या इतक्या स्त्रिया चुकीच्या सरासरीने कागदावर निर्माण होतात आणि स्त्रियांच्या कमी प्रमाणाचा प्रश्न आहे त्याहून सौम्य भासू लागतो. साक्षरता, लसीकरण, हेक्टरी उत्पादन अशा प्रत्येक प्रमाणास हाच नियम लागू आहे : आधी बेरीज, मग भागाकार.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

एखादा आकडा उपलब्ध नसेल, तर ‘आर’ तेथे ‘एनए’ अशी खूण दाखविते. अशा स्तंभाची बेरीजही ‘एनए’ येते. हा दोष नसून इशारा होय. ‘एनए डॉट आरएम’ हा पर्याय दिल्यास रिकामा रकाना वगळून बेरीज मिळते. परंतु एका जिल्ह्याची लोकसंख्याच वगळली गेली, तर विभागाची बेरीज मुकाट्याने तेवढी कमी येईल. म्हणून प्रथम ‘इज डॉट एनए’ या आज्ञेने रिकामे रकाने शोधावेत, मूळ नोंदीवरून ते भरता येतात का ते पाहावे आणि न भरता आल्यास अहवालात तसे स्पष्ट नमूद करावे.

अभ्यासाचा आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करणे सोयीचे असते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ त्यासाठी उपयुक्त आहे. त्यातील तालुकावार आकडे घेऊन जिल्ह्याचे प्रमाण स्वतः काढावे आणि छापील उत्तराशी ताडून पाहावे. दोन्ही जुळली, तर रीत बरोबर आहे. न जुळल्यास ओळींची निवड, रिकामे रकाने आणि भागाकार ही तीन स्थळे क्रमाने तपासावीत. चूक बहुधा त्यांपैकीच एखाद्या ठिकाणी सापडते.