बालकांचे खेळणे

जे मूल मुकाट्याने एका जागी बसते तेच गुणी, अशी आपल्या पुष्कळ घरांत समजूत आहे. आम्हांस ती बरोबर वाटत नाही. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, चालणे ही कामे देवाने बाळकांस नेमून दिली आहेत, आणि ती सरावावाचून साधत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१९ मध्ये सांगितले की, न रांगणाऱ्या तान्ह्यास जागेपणी दिवसातून निदान ३० मिनिटे पालथे ठेवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटे हालचाल व्हावी. तीन-चार वर्षांच्यांनी त्यांपैकी ६० मिनिटे जोराने खेळावे. पाठीशी बांधून अथवा खुर्चीत अडकवून मुलास एका वेळी तासाहून अधिक ठेवू नये.

यास पैसा लागत नाही. झाडलेले अंगण, चिंध्यांचा चेंडू आणि आजोबांचे बोट एवढे पुरे. रडे थांबविण्यास हाती मोबाईल देणे सोपे खरे. पण त्याने पाय बळकट होत नाहीत.

उपासनेत चुळबुळणाऱ्या मुलास दटावण्यापूर्वी आपण स्वतःस विचारू या: आज त्यास धावावयास मिळाले काय? जखऱ्या संदेष्ट्याने (८:५) आशीर्वादित यरुशलेमेचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले पाहिले. आपल्या मंदिराचे अंगणही तसेच भरो.