लेकीचा व्हिसा

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आबा येतात. चाळीसगावकडचे. चार एकर कपाशी आणि गावात छोटेसे घर. एका रात्री त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. म्हणाले, "गुरुजी, लेकीला शिकायला जर्मनीला जायचंय. यावर माझी सही पाहिजे. मधला माणूस म्हणतो, साक्षीदार म्हणून करा. पण आता अक्षरं कळायला लागली. न वाचता सही कशी करू?"

आम्ही कागद समोर ठेवला. आबांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "सह... कर्ज... दार." साक्षीदार नव्हे, सहकर्जदार! म्हणजे लेकीकडून कर्ज फिटले नाही, तर ते आबांनी फेडायचे. खाली तारण म्हणून राहत्या घराचा नंबर होता. आबा गप्प बसले. त्या रात्री आम्ही पुस्तक मिटले आणि हाच धडा घेतला.

कर्जाकडे मागून येऊ. आधी परदेशी शिकायला काय लागते ते पाहू.

दोन शब्द नेहमी कानावर येतात, पासपोर्ट आणि व्हिसा. पासपोर्ट आपले सरकार देते. हा माणूस भारताचा नागरिक आहे, असे तो सांगतो. व्हिसा दुसऱ्या देशाचे सरकार देते. आमच्या देशात या, इतके दिवस राहा, शिका, अशी ती परवानगी असते. आपल्या घरात कोणाला घ्यायचे ते आपण ठरवतो. तसेच हे आहे. व्हिसा नाकारला, तर भरलेली फी सहसा परत मिळत नाही.

व्हिसा या शब्दाशी आपल्या चाळीसगावचे जुने नाते आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला शिकायला गेले. पुढे इंग्लंडात शिकून बॅरिस्टर झाले. 1929 साली ते सरकारी समितीच्या कामासाठी खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर त्यांना न्यायला टांगा हवा होता. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतल्याच एकाने तो हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवली. त्या पुस्तिकेच्या नावाचा अर्थ होतो, 'व्हिसाची वाट पाहताना'. परदेशाने ज्यांना आत घेतले, त्यांना आपल्याच गावात शिरायला परवानगी नव्हती. आबांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

आता कागदांचे पाहू. पहिला पासपोर्ट. 2017 सालापासून सरकारने मोठ्या डाकघरांत पासपोर्टची केंद्रे उघडायला सुरुवात केली, त्यामुळे मुंबईची खेप पुष्कळांची वाचली. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये आहे. चौकशीला पोलीस येतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खरी अडचण नावाची. दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे 'भाऊराव', तर कुठे नुसते 'भाऊ'. आपल्याला माणूस एकच दिसतो, पण साहेबाला दोन दिसतात. म्हणून सगळे कागद शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवा. चूक दिसली तर अर्जाच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

मग गुणपत्रके. ती आपल्याकडे जळगावच्या विद्यापीठाची असतात. त्याला नाव आहे बहिणाबाई चौधरींचे. आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते, हे आमच्या वर्गातल्या बायांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. जर्मनीला जाणाऱ्या मुलांना आपली प्रमाणपत्रे खरी आहेत, असा दाखलाही आधी घ्यावा लागतो. 2022 च्या नोव्हेंबरपासून हा नियम आहे.

प्रवेशाचे पत्र तर सर्वांत महत्त्वाचे. तिकडच्या कॉलेजाने घेतले, तरच व्हिसाचा अर्ज होतो. आणि इथेच दलाल फसवतात. 2023 साली कॅनडात शेकडो भारतीय मुलांवर परत पाठवले जाण्याची वेळ आली. पंजाबची मुले त्यात पुष्कळ होती. एजंटाने त्यांना दिलेली प्रवेशपत्रेच खोटी निघाली. मुले तिकडे राहिली, शिकली, आणि काही वर्षांनी हे उघड झाले. म्हणून पत्र आले की लेकीने स्वतः त्या कॉलेजाला लिहून विचारावे, हे पत्र तुम्हीच दिले का? एजंटाच्या सांगण्यावर राहू नये. अर्जात खोटे सापडले तर इंग्लंड दहा वर्षांपर्यंत दार बंद करते, कॅनडा पाच वर्षे.

पुढे पैसा. तो आहे, हे दाखवावे लागते. जर्मनीला 2024 च्या सप्टेंबरपासून वर्षाचे 11,904 युरो एका बंद खात्यात ठेवावे लागतात. रुपयांत ते दहा लाखांच्या वर जातात. महिन्याला त्यातले 992 युरोच काढता येतात. इंग्लंडात रक्कम सलग 28 दिवस खात्यात पडून असावी लागते. कोणाकडून दोन दिवसांसाठी उसने आणून भरले, असे तिथे चालत नाही.

आता आबांचा कागद. शिक्षणाच्या कर्जात आई किंवा बाप सहकर्जदार असतो, ही रीतच आहे. त्यात फसवणूक नाही. साक्षीदार म्हणून सांगितले, ती फसवणूक. साडेसात लाखांच्या वर कर्ज असले तर बँक सहसा तारण मागते. बऱ्याच बँका शेतजमीन त्याला घेत नाहीत, घर किंवा प्लॉट मागतात. हप्ते साधारण शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. व्याज मात्र पैसा उचलल्या दिवसापासून चढते. हे आबांना कोणीच सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आबा लेकीला घेऊन स्वतः बँकेत गेले. मधल्या माणसाला नेले नाही. तीन गोष्टी विचारल्या: व्याज किती, हप्ता कधीपासून, घर केव्हा सुटेल? उत्तरे लेकीने वहीत लिहून घेतली. घरी माय म्हणाली, "इतकं डोक्यावर नको." म्हणून लेक वर्षभर थांबली, धुळ्याला नोकरी केली, आणि कर्ज थोडे कमी घेतले. आम्हाला हा निकाल पटला. शेजाऱ्यांना पटला नाही.

व्हिसासाठी मुलाखतही द्यावी लागू शकते. काय शिकणार, तेच का, खर्च कोण करणार, असे विचारतात. पाठ केलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. लेकीने बाप शेतकरी आहे, कर्ज किती आहे, सगळे खरे सांगितले.

व्हिसा आला त्या रात्री आबा पासपोर्ट घेऊन वर्गात आले. इंग्रजी अक्षरे ते अजून पुरती शिकलेले नाहीत, पण आकडे येतात. बोट ठेवून त्यांनी तारखा वाचल्या, कधीपासून आणि कधीपर्यंत. मग पासपोर्टचा नंबर व्हिसावरच्या नंबराशी जुळवला. लेक शेजारी बसून नावाची अक्षरे तपासत होती. सगळ्या कागदांच्या नकला त्यांनी घरच्या पेटीत ठेवल्या आहेत. किल्ली मायजवळ आहे.