फॉक्सप्रो ते पायथन : तेरीज जुळेना, तेव्हा

फॉक्सप्रोवर कारभार चालवणाऱ्या पतसंस्था, दूध संस्था आजही सापडतात. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिची देखभालही थांबवली. त्याहून जुने, डॉसमधले प्रोग्रॅम तर ६४-बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत. म्हणजे ते कधी ना कधी दुसऱ्या भाषेत न्यावेच लागणार. अशी कामं मी करतो; त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांनी केलेली निस्तरतो.

एका पतसंस्थेचं काम असंच आलं. आधीच्या मंडळींनी फॉक्सप्रोची ओळ न् ओळ पायथनमध्ये उतरवली होती. प्रोग्रॅम कुठे अडत नव्हता, स्क्रीन देखणे होते. फक्त तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा गोषवारा, जुळत नव्हती.

पहिली गोम व्याजात निघाली. व्याज पूर्ण रुपयांत जमा व्हायचं. फॉक्सप्रोचं ‘राउंड’ १२.५० चे १३ करतं, पायथनचं ‘राउंड’ १२. नेमका अर्धा उरला की पायथन जवळच्या सम संख्येकडे वळतं. गंमत अशी की १३.५० चे दोघंही १४ च करतात. त्यामुळे काही खाती जुळतात, काही चुकतात आणि शोधणारा चक्रावतो. पैशांचा हिशेब पायथनच्या डेसिमल प्रकारातच करावा आणि अर्धा वर न्यायचा की खाली, हे प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहावं.

दुसरी गोम मला जास्त शिकवून गेली. थकबाकीच्या यादीसाठी गावाचं नाव विचारलं जायचं. कारकून ते रिकामं सोडून एंटर दाबायचा आणि सगळ्या गावांची यादी छापून यायची. नव्या प्रोग्रॅममध्ये कोरा कागद! जुन्या कोडमध्ये ‘रिकामं असेल तर सगळी गावं’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. फॉक्सप्रोत ‘सेट एग्झॅक्ट ऑफ’ असताना तुलना उजवीकडचा मजकूर संपेपर्यंतच होते. उजवीकडे काहीच नसेल तर सगळंच जुळतं. ही सोय प्रोग्रॅमरने लिहिलेली नव्हती, भाषेच्या सवयीतून मिळालेली होती, आणि सगळं ऑफिस तिच्यावर विसंबून होतं.

म्हणून रूपांतराला बसताना आधी ‘सेट’ने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी आणि ‘कॉन्फिग’ फाइल काढून वाचा. ‘सेट डिलिटेड ऑन’चंच बघा. फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद जात नाही. तिच्यावर खूण बसते आणि ‘पॅक’ करेपर्यंत ती फाइलमध्येच राहते. पायथनमध्ये या ओळीला जोड नसल्याने ती गळाली होती आणि डिलीट केलेली खाती यादीत परतली होती. हल्ली कोड एआयला देऊन रूपांतर करून घेतात. माझी हरकत नाही, पण एकच फाइल देऊन दुसऱ्या फाइलमधल्या सेटिंगची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

मराठी नावांचं दुखणं वेगळंच. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं उलटं. रूपांतर झाल्यावर नावं संस्थेतल्याच माणसाकडून वाचून घ्या. तुम्हाला बरोबर वाटलेलं आडनाव त्या गावात नसतंच.

आणखी एक. रूपांतर आणि सुधारणा एकाच वेळी करू नका. जुन्यात चूक दिसली तर वहीत टिपा, पण नव्यातही आधी तशीच उतरवा. नाहीतर फरक निघाला की तो तुमच्या दुरुस्तीमुळे की तुमच्या चुकीमुळे, हे कळायला मार्ग नाही. तोच डेटा दोन्हीकडे घाला आणि खातेवार, पैशापर्यंत ताडून पाहा. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका. दोन चुका एकमेकींना झाकतात.

जुना संगणक भंगारात द्यायची मात्र घाई नको. मार्चअखेरचे व्यवहार दोन्हीकडे होऊन लेखापरीक्षकाची सही पडेपर्यंत तो चालू ठेवा, आणि कारकुनाची बदली किंवा निवृत्ती जवळ आली असेल तर आधी त्याच्याशेजारी बसून तो काय काय करतो ते पाहून घ्या.