चंद्रदर्शन आणि संगणकावरील आकाश

नवचंद्रांविषयी लोकांनी केलेल्या प्रश्नाचे उत्तर सूरह अल-बकराच्या १८९व्या आयतीत आले आहे. चंद्रकोर का वाढते आणि का घटते, याचे विवेचन तेथे नाही. लोकांच्या व्यवहारासाठी आणि हजसाठी ही कालदर्शक चिन्हे आहेत, एवढेच अल्लाहने सांगितले. अल्लाहच्या प्रेषितांनीही (स.) उम्मतला सोपी वाट दिली. चंद्र पाहून रोजे सुरू करावेत, चंद्र पाहून सोडावेत आणि आभाळ भरून आले तर तीस दिवस पूर्ण करावेत.

इतकी सोपी वाट असूनही आपल्यात दरवर्षी वाद का व्हावा? रमजानच्या २९ तारखेला मगरिबच्या सुमारास डहाणूच्या किनाऱ्यावर माणसे क्षितिजाकडे डोळे लावून उभी असतात आणि त्याच वेळी मोबाईलवर ‘अमक्या गावी चंद्र झाला’ असे निरोप फिरू लागतात. पाहणारा कोण, त्याने कोणत्या दिशेला पाहिले, हे कोणी विचारत नाही. मग एकाच मोहल्ल्यात एका घरी सहरीची तयारी, तर दुसऱ्या घरी शीरखुर्म्याची! फर्ज रोजा अफवेवर सोडला जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

या बाबतीत संगणकाची मदत घेता येते. ‘स्टेलेरियम’ नावाची एक विनामूल्य प्रणाली आहे. फाब्यां शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली तिचे काम आरंभिले. कोणत्याही स्थळाचे, कोणत्याही दिवसाचे आणि क्षणाचे आकाश ती पडद्यावर उभे करते. (भविष्यकथनाशी तिचा काहीही संबंध नाही. ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणित वेगळे आणि त्यांवरून माणसाचे नशीब सांगणे वेगळे. पहिले इल्म आहे, दुसरे निषिद्ध आहे.)

प्रथम एफ ६ कळ दाबून आपले स्थान भरावे. डहाणू रोडसाठी सुमारे २० अंश उत्तर अक्षांश आणि ७२.७ अंश पूर्व रेखांश चालेल. एफ ५ ने तारीख व वेळ बदलता येते. आरंभी पडद्यावर फ्रान्समधील एका गावाचा परिसर दिसतो. तेथील झाडे आपल्या काय कामाची? एफ ४ मधील देखाव्यांतून ‘ओशन’ निवडावा, म्हणजे आपल्याप्रमाणेच पश्चिमेला मोकळा समुद्र दिसेल. चंद्रावर टिचकी मारली की त्याची क्षितिजापासूनची उंची आणि सूर्यापासूनचे कोनीय अंतर बाजूला उमटते. हे अंतर सुमारे ७ अंशांहून कमी असेल, तर डोळ्यांना दिसेल अशी कोरच तयार होत नाही. आंद्रे दांजों या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात हे दाखवून दिले.

आता दोन संध्याकाळी पडद्यावर आणून पाहाव्यात. पहिली, २९ मार्च २०२५. त्या दिवशी सूर्य-चंद्राची युती भारतीय वेळेनुसार दुपारी ४ वाजून २८ मिनिटांनी झाली. डहाणूत सूर्य मावळताना चंद्र त्याला जवळजवळ चिकटलेला दिसतो. अशा संध्याकाळी येथे चंद्र पाहिल्याचे कोणी सांगितले, तर त्याच्या सच्चेपणावर आळ न घेताही तो चुकला आहे असे म्हणता येते.

दुसरी, ९ एप्रिल २०२४. आपल्याकडे रमजानची २९ तारीख होती. युती आदल्या रात्री ११ वाजून ५१ मिनिटांनी झालेली. म्हणजे सूर्यास्ताला चंद्राचे वय सुमारे १९ तास. पडद्यावर तो समुद्राच्या वर स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात केरळ, जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये १० एप्रिलला ईद झाली, तर आपल्याकडे चंद्र न दिसल्याने तीस रोजे पूर्ण करून ११ तारखेला. चूक कोणाचीच नव्हती. पडद्यावर चंद्र असतो. संधिप्रकाशाची झळाळी, समुद्रावरची धूसरता, कोरीची क्षीणता आणि पाहणाऱ्याची नजर तेथे नसते.

म्हणून माझे मत असे की, चंद्र दिसणे अशक्य होते, हे गणिताने ठरवावे. तो दिसला, हे मात्र डोळ्यांनीच. हा विचार नवा नाही. आठव्या हिजरी शतकातील शाफई इमाम तकीउद्दीन सुबकी (रह.) यांनी, गणिताने दर्शन निश्चितपणे अशक्य ठरत असेल तर साक्ष स्वीकारू नये, असे मत दिले होते. पुढील सर्व उलमांनी ते मान्य केले नाही, हेही लक्षात ठेवावे. अंतिम निर्णय हिलाल कमिटीचा. पडद्याकडे बोट दाखवून मशिदीत भांडण करण्याची मुभा या प्रणालीमुळे कोणालाही मिळत नाही.

केरळच्या ईदने अस्वस्थ होणाऱ्यांनी सहीह मुस्लिममधील कुरैब (रह.) यांची हदीस आठवावी. शाममध्ये चंद्र एक रात्र आधी दिसल्याचे त्यांनी मदीनेत सांगितले, तरीही इब्ने अब्बास (रजि.) मदीनेतील दर्शनावरच कायम राहिले.

घरातील मुलांना हे आकाश अवश्य दाखवावे. ज्याला मराठीत रोहिणी म्हणतात तोच अरबीतील ‘दबरान’, म्हणजे मागून येणारा. कारण तो सुरय्याच्या, आपल्या कृत्तिकांच्या, मागोमाग उगवतो. आणि व्याध म्हणजे ‘शिअरा’. त्याचा पालनकर्ता अल्लाहच आहे, हे सूरह अन-नज्ममध्ये (आयत ४९) आले आहे.

आणखी एक प्रयोग किब्ल्याचा. स्थान मक्का ठेवून २८ मे रोजी (लीप वर्षी २७ मे) भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांचे आकाश पाहावे. सूर्य काबागृहाच्या थेट माथ्यावर येतो. वेळ न बदलता स्थान पुन्हा डहाणू करावे. सूर्य पश्चिमेकडून किंचित उत्तरेला, आठ-नऊ अंश सरकलेला दिसतो. हीच आपली किब्ल्याची दिशा. त्या क्षणी अंगणात सरळ काठी उभी केली, तर सावलीच्या विरुद्ध दिशेला किब्ला असतो. १५-१६ जुलैलाही २ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास हा योग पुन्हा येतो. पण तेव्हा आपल्याकडे ऊन सापडणे कठीण, म्हणून मे महिन्याची तारीखच लिहून ठेवावी.