सासर कार्ल्सरुहेचं

आमच्याकडे मुलगी अमरावतीला दिली तर जवळ, पुण्याला दिली तर लांब. माझं सासर जर्मनीतल्या कार्ल्सरुहेचं. नवरा तिथलाच, जन्म, शाळा, नोकरी सगळं त्याच गावात. मी नागपूरची, शासकीय दंत महाविद्यालयातून शिकलेली दंतवैद्य. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या जोडप्यांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. ती दोघं तिथे सारखीच नवखी असतात. नवऱ्याच्याच देशात राहायला जाणं हे प्रकरण निराळं. तो घरी परतत असतो, तुम्ही घर सोडत असता, आणि विमान एकच असतं. आता माझ्या ओळखीतल्या काही मुली याच वाटेला लागल्यात आणि फोनवर विचारत असतात. त्यांना जे सांगते ते हे.

१. लग्नाच्या मुहूर्ताआधी कागदांचा मुहूर्त बघा.

परदेशी नागरिकाशी लग्न म्हणजे बहुतेक वेळा विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती फलकावर ३० दिवस, मग तीन साक्षीदार आणि सह्या. परदेशी नवऱ्याला ‘लग्नास कायदेशीर अडथळा नाही’ असा दाखला आपल्या देशातून आणावा लागतो. म्हणजे हॉल, केटरर आणि नवऱ्याची रजा या सगळ्यांना फलकावरच्या त्या कागदाच्या तालावर नाचावं लागतं.

जन्मदाखला आजच काढून बघा. आमच्या पिढीतल्या अनेकींच्या दाखल्यावर आईबापाचं नाव असतं, तारीख असते आणि बाळाच्या नावाची जागा कोरी असते. ते नाव महापालिकेकडून चढवून घेण्यात जे हेलपाटे होतात ते लग्नाच्या धावपळीत झेपत नाहीत.

आणि अपोस्टिलचं. भारत २००५ पासून हेग कराराचा सदस्य आहे, त्यामुळे एजंट हमखास सांगतात, ‘मॅडम, अपोस्टिल मारून देतो, जगभर चालतं.’ जर्मनीने भारताच्या बाबतीत या कराराला हरकत घेतलेली आहे. तिथे आपला तो शिक्का चालत नाही. त्यांच्या दूतावासामार्फत कागद वेगळे पडताळले जातात, त्याची फी वेगळी आणि वेळ तर फारच वेगळा. ज्या देशात जायचं त्या देशाचा नियम वाचा, एजंटाचा नाही.

२. आडनाव बदलायची घाई नको.

पदवी, डेंटल कौन्सिलची नोंदणी, पॅन, आधार, पासपोर्ट सगळं एका नावावर आहे ना, मग राहू द्या. जर्मनीत नवरा-बायकोची आडनावं वेगळी असणं कुणाला खटकत नाही. आपल्या मधल्या नावाचं मात्र त्यांना कोडंच आहे. माझ्या निवास-कार्डावर बाबांचं नाव माझंच दुसरं नाव म्हणून छापलंय. बाबांना त्याचा भारी आनंद.

३. ए-वन म्हणजे भाषा नव्हे.

जोडीदाराच्या व्हिसासाठी साधारणपणे ए-वन पातळीचं जर्मन लागतं. मी ती परीक्षा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात दिली. त्या पातळीवर आपलं नाव सांगता येतं, कॉफी मागता येते, स्टेशन कुठे हे विचारता येतं. उत्तर कळत नाही. तिथे गेल्यावर सरकारी ‘एकात्मता अभ्यासक्रम’ असतो: ६०० तास भाषा आणि १०० तास त्या देशाचा कायदा, इतिहास, रीतभात. कंटाळवाणा आहे, पण करा. माझ्या वर्गात सीरियाची सुतारकाम करणारी माणसं होती, युक्रेनच्या बायका होत्या, ब्राझीलची एक नवरी होती. माझ्यासारखंच अडखळणारी माणसं गावात आहेत हे मला तिथे कळलं.

खरी अडचण घरातच असते. तुमची दोघांची भाषा इंग्रजी. प्रेम इंग्रजीत झालं, भांडणं इंग्रजीत, आणि सगळं इतकं छान चाललेलं असतं की जर्मन शिकायची गरजच भासत नाही. मग रविवारी सासरी जेवायला जायचं. एप्रिल-मे म्हणजे पांढऱ्या शतावरीचा हंगाम. उकडलेले बटाटे, शतावरी, वर लोण्याचा पिवळा सॉस, आणि टेबलाभोवती सात-आठ माणसं. पहिली दहा मिनिटं सगळे माझ्याखातर इंग्रजी बोलतात. मग कुणीतरी शेजाऱ्याचा किस्सा काढतो आणि टेबल जर्मनवर घसरतं. हशा पिकतो. नवरा माझ्याकडे वळून विनोदाचं भाषांतर करतो. तोवर टेबलावर पुढचा हशा. मी उशिरा हसते, आणि उशिरा हसणाऱ्याकडे सगळे वळून बघतात.

शेवटी मी नवऱ्याला भाषांतर करायला बंदी केली. नाही समजलं तर नाही. सासूबाईंना सांगितलं, माझ्याशी जर्मनच बोला, हळू बोला. त्या शाळामास्तरीण होत्या, त्यांना हे काम आवडलं. आज त्यांच्याशी माझं जे काही आहे ते त्या हळू बोलण्यातून आलंय, आणि त्यात त्यांच्या मुलाचा काही वाटा नाही.

४. त्याला फोन करू देऊ नका.

नवऱ्याने फोन केला की पाच मिनिटांत काम होतं. तुम्ही केलात तर अर्धा तास जातो, घाम फुटतो, आणि पलीकडची बाई ‘काय?’ म्हणून तीनदा विचारते. तरी तुम्हीच करा. राहत्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करावी लागते, तिथे स्वतः जा. आरोग्य विम्याचं कार्ड, मोबाइलचा करार, दातांच्या डॉक्टरची वेळसुद्धा (हो, मीही तिथे पेशंट आहे). बँकेत पहिल्या महिन्यातच स्वतःचं खातं उघडा. संयुक्त खातं असू दे, पण शेजारी एक फक्त तुमचं.

नवरे वाईट नसतात. माझा तर आमच्या नात्यातल्या पुष्कळ जावयांपेक्षा बरा आहे. पण आपल्या गावात आपलं काय काय फुकट होतं हे त्याला दिसतच नाही. दुकानदार ओळखतो, नगरपालिकेत शाळेतला मित्र असतो, रागाने बोललं तरी समोरचा घाबरतो. या सगळ्यावर तो जगतो आणि त्याला वाटतं, इथे सगळं सोपंच आहे.

५. निवासाचा हक्क कुणाच्या जिवावर आहे ते माहीत हवं.

हे लग्नाआधी बोलायला कुणाला आवडत नाही, म्हणून मी आधीच बोलते. सुरुवातीचा परवाना लग्नावर उभा असतो. जर्मनीत साधारण तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर पत्नीला राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो. घरात मारहाण, छळ असेल तर त्याआधीही मिळू शकतो. ‘मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल’ ही धमकी दर वेळी खरी नसते. ११६०१६ हा तिथला स्त्रियांसाठीचा मोफत मदतक्रमांक, चोवीस तास चालतो. गरज पडणार नाही. तरी लिहून ठेवा.

६. पदवी बरोबर येते, डॉक्टरकी येत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मला इथे झाला. नागपुरात माझा दवाखाना चालत होता. विदर्भात दंतवैद्य असणं म्हणजे काय ते विदर्भातल्यालाच कळेल. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा चघळणारे लोक आमच्याकडे रोज येत. पंचविशीतला मुलगा खुर्चीत बसतो, ‘आ’ करायला सांगितलं की दोन बोटंही आत जात नाहीत. गालाची आतली बाजू पांढरी, ताठ, वेताच्या दोरीसारखी. हा आजार मी इतका पाहिलाय की दारातून आत येणाऱ्याच्या बोलण्यावरून ओळखायचे.

जर्मनीत गेल्यावर मी पुन्हा शून्यावर. आधी बी-टू पातळीचं जर्मन, मग वैद्यकीय भाषेची परीक्षा सी-वन पातळीची: वीस मिनिटं पेशंटशी बोलणं, वीस मिनिटं त्याची नोंद लिहिणं, वीस मिनिटं सहकाऱ्याला केस सांगणं. त्यानंतर ज्ञानाची परीक्षा, तीत नापास झालात तर आणखी दोनच संधी. या सगळ्याच्या मधल्या काळात मी एका दवाखान्यात मदतनीस होते. अवजारं धुवायची, वाफेच्या यंत्रात लावायची, सक्शनची नळी धरायची. समोरचा तरुण डॉक्टर चुकीच्या कोनातून हात घालतोय हे दिसायचं आणि गप्प बसायचं. घरी येऊन भांडी आपटायचे.

भाषेच्या परीक्षेत मला न उघडणाऱ्या तोंडाची केस मांडायची संधी मिळाली. परीक्षकांनी हा आजार पुस्तकात वाचलेला. मी खर्रा कसा घोटतात इथपासून सुरुवात केली. जर्मन व्याकरण दोनदा घसरलं असेल, पण त्या वीस मिनिटांत खोलीत डॉक्टर मी होते.

तेव्हा सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, कौन्सिलचं ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र हे निघण्याआधी मिळवा. विद्यापीठातून कागद काढायला जर्मनीत बसून भावाला पाठवणं हा त्या भावावर अन्याय आहे.

७. थंडीची भीती घालतात, उन्हाळ्याची कुणी सांगत नाही.

कार्ल्सरुहे हे जर्मनीतल्या सर्वांत उबदार गावांपैकी. २००३च्या ऑगस्टमध्ये तिथे पारा ४०च्या वर गेला होता. नागपूरकराला ४० म्हणजे काय! पण नागपुरात कूलर असतो, वाळ्याची टट्टी असते, उंच छत असतं. तिथे पंखासुद्धा नसतो. भिंती हिवाळ्यासाठी बांधलेल्या. पहिला पंखा आमच्या इमारतीत मीच आणला.

८. रविवारी ड्रिल मशीन चालवायचं नाही, बाटल्या पाच डब्यांपैकी कुठल्या डब्यात हे शेजारीण सांगेल, प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. यावर एवढंच.

९. सातबारावरचं नाव सोडू नका.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. माझं जायचं ठरल्यावर एका नातलगाने मोठ्या मायेने सुचवलं, ‘तू तं आता जर्मनीले चालली, हक्कसोड करून टाक ना, कागदाची कटकट मिटते.’ २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. म्हणजे एकदा सही करून सोडली की पुन्हा घ्यायची वाट बंद. मी सही केली नाही. दोन दिवाळ्या घरात जरा गार गेल्या. पुढे सगळं जुळलं.

बँकेतलं साधं खातं अनिवासी, म्हणजे एनआरओ करावं लागतं. ते राहून गेलं तर पुढे त्रास होतो. नागरिकत्वाचंही पुरतं कळून घ्या. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली, म्हणून तिथे सगळे अभिनंदन करतात. भारत ते मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, मग ओसीआय कार्ड. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मी अजून भारतीयच आहे. पुढचं पुढे.

१०. त्याला नागपुरात आणून ठेवा. पाहुणा म्हणून नव्हे.

वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक आणि शेतीशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत प्राध्यापक होते. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय, आणि २०२२मध्ये तिथल्या चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांची पत्नी जीन बेल्जियमची. लग्न १९३६मधलं. १९५०च्या दशकात हे कुटुंब नागपूरला आलं, आणि १९६७च्या जानेवारीत खानखोजे नागपुरातच गेले. त्यांच्यावर लेख येतात, भाषणं होतात. पण युरोपातून मेक्सिको आणि मेक्सिकोतून नागपूर असा प्रवास केलेल्या त्या बाईने इथला मे महिना कसा काढला, भाजीवालीशी कुठल्या भाषेत घासाघीस केली, हे विचारावंसं फार जणांना वाटलेलं दिसत नाही. नवऱ्याच्या देशात गेलेल्या बाईचं असंच होतं. कौतुक परत आलेल्याचं होतं.

म्हणून आम्ही नवऱ्याची लांब रजा नागपुरात काढली, माझ्या माहेरी. त्याला इंग्रजी बोलणाऱ्या मित्रमंडळींत ठेवलं नाही. आईबरोबर कॉटन मार्केटला पाठवलं. आई त्याच्याशी नागपुरी हिंदीत बोलायची, तो मान डोलवायचा आणि सांबार आणायला सांगितलं की सांबार मसाला घेऊन यायचा. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला कोण सांगणार?) गल्लीतली पोरं तर्री पोह्याच्या ठेल्यावर त्याच्यावर हसायची, आणि काय बोलून हसताहेत ते त्याला कळायचं नाही. एका रात्री तो मला म्हणाला, ‘भाषांतर करशील का?’ मी म्हटलं, ‘उद्या.’ कार्ल्सरुहेला परतल्यावर शतावरीच्या जेवणात टेबल जर्मनवर घसरलं तेव्हा त्यानेच सगळ्यांना थांबवलं: हळू बोला.

शेवटी मुलीच्या आईवडिलांना एक विनंती. जावई गोरा आहे, सालस आहे, दोसा हाताने खातो, याचं कौतुक जरूर करा. पण लग्नाचा हॉल बुक करायच्या आधी तिला भाषेच्या वर्गाला घाला, तिच्या पदवीचे कागद पूर्ण करा, आणि फक्त तिच्या नावावरच्या खात्यात परतीच्या तिकिटाएवढे पैसे कायम राहतील एवढं बघा. आणि ते आहेत हे तिला माहीत असू द्या.