काडी लावण्याआधी

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत कर्जफेडीचा हिशोब झाला की अर्धा तास हा विषय घ्या.

शेलारमध्ये संध्याकाळी धुराचा वास आला की खिडक्या लावाव्या लागतात. लूमच्या चिंध्या, पिशव्या, वायरी एकत्र करून कुणीतरी काडी लावलेली असते. आणि खरं सांगायचं तर चूल पेटवायला आपणही पिशवी घालतोच की!

जाळलं म्हणजे कचरा संपला असं वाटतं. पण राख उरते, बाकीचं हवेत जातं. वायरीचं आवरण, रेक्झिन, पाण्याचे पाईप पीव्हीसीचे असतात. कमी आचेवर ते जळाले की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते गवतावर बसतं, म्हशीच्या दुधात उतरतं, आईच्या दुधातही उतरतं.

कुणी म्हणेल, मग मोठी भट्टी लावा, वीज तरी मिळेल. पण आपल्या घरचा निम्म्याहून जास्त कचरा ओला: देठं, साली, उरलेला भात. ओलं लाकूड चुलीत कसं धुमसतं ते तुम्हाला सांगायला नको. भट्टी नीट पेटायला लागतो कोरडा कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. म्हणजे भंगारवाला ज्याचे पैसे देतो तोच माल!

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात बहुतेक बायकाच. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. ती महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेते, आणि सुका माल विकून आलेले पैसे वेचणारीच्या हातात पडतात. वेंगुर्ल्यात ओल्या कचऱ्याचा बायोगॅस होतो, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात जातो.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये त्यासाठी 5 हजार रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25 हजार.

चिंध्यांचं मात्र अवघड आहे. लूमवर आपल्याच घरातली माणसं कामाला, तक्रार कोण करणार? म्हणून आधी बोलून बघू: सुती चिंधी वेगळ्या गोणीत द्या. तिची पायपुसणी होतात, गोधडीत भरता येते, मशीन पुसायला गिऱ्हाईक मिळतं. मिश्र कापडाला कुणी विचारत नाही. ओळखायचं कसं? एक धागा जाळून बघा (एवढं जाळलं तर चालेल). सुताला जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आठवड्याचा सुका कचरा वजन करून आणायचा. भंगारवाल्याचा भाव सचिवताईंनी आधीच विचारून ठेवावा.